रेडिंगमधील एका डबल ग्लेझिंग दुरुस्ती सेवेविषयी

इंग्लंडमध्ये जुने घर घेतलेल्या मराठी कुटुंबांना डबल ग्लेझिंगच्या, म्हणजे दुहेरी काचेच्या खिडक्या-दारांच्या, तक्रारी नव्या नाहीत. दोन काचांच्या मध्ये बाष्प साचते, मागचे दार उचलून धरल्याशिवाय लागत नाही, हँडल जड होते आणि हिवाळ्यात बंद खिडकीच्या कडेनेही वारा आत शिरतो. रेडिंगच्या लोअर अर्ली भागातील आमच्या घरात हे सगळेच होते. एका मोठ्या कंपनीच्या विक्रेत्याने सर्व खिडक्या व दोन्ही दारे चौकटींसह बदलावी लागतील असे सांगून, त्याच दिवशी सही केल्यास मोठी सवलत देऊ केली. त्यानंतर शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून ज्या सेवेला आम्ही बोलावले, तिच्याविषयी हा अभिप्राय आहे. एका व्हॅनवर दोन कारागीर चालवतात असा हा लहानसा व्यवसाय आहे. नव्या खिडक्या ते विकतच नाहीत, त्यामुळे जुनी खिडकी मोडीत काढण्यात त्यांचा काही फायदा नसतो, आणि त्यांच्या सल्ल्यावर विश्वास ठेवण्याचे माझ्या दृष्टीने हे पहिले कारण आहे.

पाहणीला आलेल्या कारागिराने प्रथम काचेवरचे पाणी नेमके कोणत्या बाजूला आहे ते विचारले. खोलीच्या बाजूला पाणी धरत असेल तर दोष खिडकीचा नसून घरातील दमटपणाचा असतो. दारे लावून रेडिएटरवर कपडे वाळवणाऱ्या आणि सकाळ-संध्याकाळ कुकर लावणाऱ्या आपल्या घरांत तो भरपूर असतो, आणि त्यावर हवा खेळती ठेवणे हाच उपाय आहे. निरभ्र, थंड रात्रीनंतर सकाळी बाहेरच्या बाजूला दव दिसत असेल, तर काच घरातील ऊब बाहेर जाऊ देत नाही एवढाच त्याचा अर्थ. दोन काचांच्या मध्ये बाष्प दिसले तरच युनिटचे, म्हणजे कडेने बंद केलेल्या काचांच्या जोडीचे, सील गेले असे समजायचे. आमच्या बैठकीच्या खोलीतील मोठ्या खिडकीत हा तिसरा प्रकार होता.

सील का जाते, याचा शोध त्यांनी ज्या रीतीने घेतला तो भाग मला सर्वांत मोलाचा वाटला. दोन काचांना अंतरावर ठेवणाऱ्या पोकळ पट्टीत ओलावा शोषणारे बारीक दाणे भरलेले असतात आणि पट्टीच्या कडेने दुहेरी सील असते. कालांतराने सील सैल झाले की बाहेरची दमट हवा आत येते, दाणे जमेल तितका ओलावा शोषतात, आणि त्यांची क्षमता संपली की बाष्प काचेवर दिसू लागते. कारागिराने पातळ पात्याने काच चौकटीत धरून ठेवणाऱ्या बीडिंगच्या पट्ट्या सोडवल्या, काच बाहेर काढली आणि चौकटीच्या खालच्या खाचेत बोट फिरवून दाखवले. तिथे काळपट चिखल आणि शेवाळ होते व पाणी साचलेले होते. युपीव्हीसीच्या (कडक प्लास्टिकच्या) चौकटीत पावसाचे पाणी थोडेफार शिरतेच. ते बाहेर जावे म्हणून खालच्या पट्टीत लहान छिद्रे ठेवलेली असतात. आमच्या खिडकीची ती छिद्रे पूर्ण बुजली होती, त्यामुळे युनिटची खालची कड सतत पाण्यात उभी होती. अशा खाचेत नवी काच बसवली असती, तर तिचेही सील वेळेआधीच गेले असते. त्यांनी आधी छिद्रे मोकळी केली, आत पाणी ओतून ते बाहेर वाहते का ते पाहिले, आणि मगच मापे घेतली. घरातील इतर खिडक्यांची छिद्रेही त्यांनी साफ करून दिली व त्याचे वेगळे पैसे लावले नाहीत.

काचेला बारीक छिद्र पाडून आतील बाष्प घालवण्याचा स्वस्त उपाय चालेल का, असे मी मुद्दाम विचारले. तो त्यांनी नाकारला. काच काही काळ स्वच्छ दिसते, परंतु भिजलेले दाणे जागचे हलत नाहीत आणि काचांमध्ये भरलेला उष्णता रोखणारा वायू तर कधीच निघून गेलेला असतो, हे त्यांचे म्हणणे मला पटले. नवे युनिट २८ मिलिमीटरचे आहे, म्हणजे ४ मिलिमीटरच्या दोन काचा आणि त्यांच्यामध्ये अरगॉन वायूने भरलेली २० मिलिमीटरची पोकळी. जुन्या साध्या दुहेरी काचेतून उष्णता जाण्याचे प्रमाण, म्हणजे यू-व्हॅल्यू, २.८ च्या आसपास असते, तर उष्णता परतवणारा लेप असलेल्या नव्या काचेचे १.२ च्या आसपास. चौकट तशीच ठेवून केवळ युनिट बदलणे ही दुरुस्ती समजली जाते, त्यामुळे तिला फेन्साचे, म्हणजे खिडक्या बसवणाऱ्यांच्या नोंदणी योजनेचे, प्रमाणपत्र लागत नाही. इंग्लंडमध्ये जून २०२२ पासून संपूर्ण खिडकी बदलताना लागू झालेली यू-व्हॅल्यूची १.४ ची मर्यादाही तिला लागत नाही. घर विकताना वकील या कागदांची चौकशी करतात, म्हणून हा फरक माहीत असलेला बरा.

मागच्या दाराची कथा अधिक गुंतागुंतीची होती. हँडल वर उचलताना जोर लागत असे आणि अखेरीस ते फिरेनासे झाले. कारागिराने दार उघडे ठेवूनच हँडल उचलून पाहिले. दार उघडे असताना यंत्रणा सहज चालली तर दोष दाराच्या बसण्यात असतो, आणि उघड्या दारातही ती अडकली तर लॉकमध्येच असतो. आमच्याकडे दोन्ही होते. दाराचा पल्ला लॉकच्या बाजूने काही मिलिमीटर खाली बसला होता, त्यामुळे लॉकचे आकडे चौकटीवरील खाचांना घासत होते, आणि ते ओढूनताणून बसवता बसवता हँडलची हालचाल लॉकला पोचवणारा मधला गिअरबॉक्स तुटला होता. पल्ल्याला काटकोनात धरून ठेवण्याचे काम दारातील काचच करते. तिच्या कडेला बिजागरीच्या बाजूस खाली आणि लॉकच्या बाजूस वर प्लास्टिकचे पॅकर (पातळ ठोकळे) ठोकून बसवले, की काचेचे वजन तिरक्या रेषेत खालच्या बिजागरीवर जाते. आमच्या दारातील वरचा पॅकर घसरून खाली पडला होता. बीडिंग काढल्यावर तो तळाशी आडवा पडलेला दिसला. त्यांनी काच थोडी उचलून पॅकर पुन्हा बसवले, मग अ‍ॅलन कीने बिजागऱ्या जुळवल्या आणि दाराभोवतीची फट चारही बाजूंनी सारखी आल्यावरच लॉकला हात लावला.

लॉकची लांबलचक पट्टी संपूर्ण बदलण्याची गरज नव्हती. तिच्यावरील शिक्का पाहून, आणि हँडलच्या चौकोनी दांड्यापासून सिलिंडरच्या (किल्ली घालायच्या भागाच्या) मध्यापर्यंतचे अंतर मोजून (आमच्याकडे ९२ मिलिमीटर), त्यांनी केवळ गिअरबॉक्स मागवला. जुना सिलिंडर हँडलच्या पट्टीच्या बराच बाहेर आलेला होता. असा सिलिंडर पकडीने धरून मधोमध मोडणे ही चोरांची जुनी युक्ती आहे, म्हणून त्या जागी टीएस ००७ या ब्रिटिश सुरक्षा मानकाचे तीन तारे असलेला आणि बाहेर न डोकावणारा सिलिंडर बसवला. दार आता एका बोटाने लागते.

वरच्या मजल्यावरील खिडकीतून येणाऱ्या वाऱ्याला गॅस्केट (कडेची रबरी पट्टी) कारणीभूत असेल असा आमचा समज होता. प्रत्यक्षात घर्षणावर चालणाऱ्या बिजागऱ्या झिजल्या होत्या आणि पल्ला एका कोपऱ्यात चौकटीला टेकतच नव्हता. बिजागऱ्या बदलल्यावर वारा थांबला. शयनगृहातील खिडकी आगीच्या वेळी सुटकेचा मार्ग असेल, तर तिला पूर्ण उघडणाऱ्या बिजागऱ्याच हव्यात, कारण मोकळी जागा किमान ०.३३ चौरस मीटर आणि रुंदी व उंची प्रत्येकी किमान ४५० मिलिमीटर असावी लागते. स्वस्त साध्या बिजागऱ्या बसवणारे याचा विचार करतातच असे नाही. या कारागिरांनी तो न विचारता केला.

उणिवा आहेत, आणि त्या लहान नाहीत. नवी काच शेजारच्या जुन्या काचेपेक्षा संध्याकाळच्या तिरप्या उजेडात किंचित हिरवट दिसते. लेपामुळे असे होणार हे कारागिरांना नक्कीच ठाऊक असणार, परंतु त्यांनी ते आधी सांगितले नाही. एकाच खिडकीतील शेजारशेजारच्या दोन युनिटांपैकी एकच बदलणाऱ्याने याची चौकशी आधीच करावी. नवे युनिट येण्यास सांगितल्यापेक्षा बराच अधिक वेळ लागला, आणि तो लागतो आहे हे कळवण्याची तसदी कोणी घेतली नाही. दारातील काचेवर जुना ओरखडा होता म्हणून तीही बदलायची ठरली. दारातील १५०० मिलिमीटर उंचीपर्यंतची काच सुरक्षा काच असावी लागते, आणि त्यासाठी वापरली जाणारी टफन्ड (उष्णतेने कणखर केलेली) काच एकदा भाजून तयार झाली की कापता येत नाही. मापात चूक झाल्यामुळे ती पुन्हा बनवावी लागली. तो खर्च त्यांनी स्वतः सोसला हे खरे, तरी तेवढा काळ ओरखडा आमच्या डोळ्यांसमोर राहिलाच. नव्या काचेच्या कोपऱ्यातील मानकाचा शिक्का मी वाचून घेतला.

बिल देताना तपशिलाची टंचाई जाणवली. पहिल्या पावतीवर केवळ ‘काचेची दोन युनिटे, दाराचे काम’ असे लिहिले होते. जाडी, वायू, लेप, सिलिंडरचा दर्जा आणि हमीचा काळ हे सर्व मागून लिहून घ्यावे लागले. युनिटांना पाच वर्षांची आणि मजुरीला एका वर्षाची हमी आहे. एकूण खर्च त्या विक्रेत्याने सांगितलेल्या रकमेच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी झाला.

कामाच्या गुणवत्तेला मी पाचपैकी साडेचार आणि वेळ पाळण्याला अडीच गुण देईन. घाईचे काम असेल, म्हणजे दार लागतच नसेल किंवा काच फुटली असेल, तर ही सेवा उपयोगाची नाही, कारण तातडीने येण्याची त्यांची व्यवस्था नाही. पॅटिओच्या सरकत्या दाराची चाके अलीकडे करकरू लागली आहेत. ते काम त्यांनाच दिले आहे, मात्र या वेळी तारीख आणि तपशील आधी लेखी घेतले आहेत.