सोनटक्का की मोगरा?
शेजारच्या काकू विचारत होत्या, ग्रिलमध्ये एकच कुंडी मावते, काय लावू? अहो आधी ऊन बघा ना. मोगऱ्याला पाच-सहा तास कडक ऊन हवंच, नाहीतर नुसता पाला. सोनटक्का आल्याच्याच कुळातला, त्याला सकाळचं कोवळं ऊन पुरतं, पण मुळाशी सतत ओल लागते, मे महिन्यात एक दिवस पाणी चुकलं तर माझ्याकडे पानांच्या कडा कागदासारख्या करपल्या. जागा? मोगरा १२ इंची कुंडीत खूश, सोनटक्क्याचे कंद पसरतात, चार फूट वाढतो, त्याला टबच द्या. फुलं मात्र पावसाळ्यात, मोगऱ्याची उन्हाळ्यात. पश्चिमेची खिडकी असेल तर मोगरा, फक्त सकाळचं कोवळं ऊन येणारी असेल आणि रोज पाणी घालणार असाल तर सोनटक्का.