हर्णैचं जॉर्डनी जेवण आणि भिंतीवरचे दोन मफलर

दापोलीहून आसूदमार्गे हर्णैला उतरलात की बंदराच्या अलीकडे एक पत्र्याच्या शेडचं हॉटेल लागतं. बाहेरच्या बोर्डवर मासे थाळी, चिकन थाळी एवढंच लिहिलंय, त्यामुळे सगळ्या गाड्या सरळ पुढे मासळीच्या लिलावाकडे जातात, आम्हीपण दोन-तीन वर्षं तसेच जात होतो. मग एका शुक्रवारी पावसाने गाठलं म्हणून आत शिरलो आणि तिथे जे खाल्लं आणि जे ऐकलं त्यावर नीट लिहायचं तेव्हाच ठरवलं होतं, आता चार वेळा जाऊन आलोय म्हणून लिहितोय.

आत सहा टेबलं. समोरच्या भिंतीवर टीव्ही, आणि टीव्हीच्या एका बाजूला आकाशी-पांढरा मफलर, दुसऱ्या बाजूला हिरवा. मला वाटलं कुठल्यातरी क्रिकेट टुर्नामेंटचे असतील, आपल्याकडे दुसरं काय असणार. पण अक्षरं अरबी होती. मी फुटबॉल बघणारा माणूस, एफसी गोवा सोडून कधी कुठल्या टीमच्या मागे लागलो नाही, तरी आकाशीवर गरुड बघून अंदाज बांधला आणि हॉटेलवाल्या चाचांना विचारलं, चाचा, हा जॉर्डनच्या फैसली क्लबचा का? चाचा हातातली कढई तशीच ठेवून बाहेर आले. म्हणाले, आज पाच वर्षांत तू पहिला विचारणारा.

चाचा चौदा वर्षं जॉर्डनला होते. अम्मानच्या बाहेर सहाब म्हणून औद्योगिक भाग आहे, तिथे कपड्यांच्या फॅक्टऱ्या आहेत, अमेरिकेला माल जातो, कामगार बांगलादेश, श्रीलंका, नेपाळ आणि आपल्याकडचे. अशाच एका फॅक्टरीच्या मेसमध्ये ते आचारी. तिथल्या स्थानिक सुपरवायझरांसाठी त्यांचं जेवण बनवता बनवता शिकले आणि आता दर शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजनंतर हर्णैत ते बनवतात. बाकी सहा दिवस आपली नेहमीची सुरमई थाळी, तीही चांगली आहे पण तेवढ्यासाठी मुद्दाम जा असं मी म्हणणार नाही.

आधी मनसफ. हे जॉर्डनचं राष्ट्रीय जेवण, लग्न असो की मयत, ताटात हेच. मेंढीच्या नाहीतर बकरीच्या दुधाच्या ताकाचा चक्का मीठ लावून वाळवतात, त्याचे दगडासारखे टणक गोळे होतात, त्याला जमीद म्हणतात, करक गावचं जमीद सगळ्यात भारी समजतात. चाचांचा मेहुणा अजून तिकडे आहे, तो सुट्टीला येताना आणतो. आदल्या रात्री ते भिजत घालायचं, घोटायचं, उकळायचं आणि त्या पांढऱ्या रश्श्यात मटण शिजवायचं. खाली शराक नावाची रुमालासारखी पातळ रोटी, वर भात, भातावर मटण, तळलेले बदाम आणि वरून तो गरम रस्सा. पहिल्या घासाला मी गप्प बसलो. आपण आंबट म्हटलं की कोकम, चिंच, कैरी, पण हा आंबटपणा वेगळा आहे, खारट, जुना, जरा धुरकट, आणि मटणाच्या चरबीत मुरलेला. लाल तिखट अजिबात नाही. माझ्या भावाला पहिल्यांदा आवडलं नाही, त्याने ठेचा मागितला, चाचांनी दिलाही पण चेहऱ्यावर दिसलं की त्यांना ते पटलं नव्हतं. दुसऱ्या खेपेला भावाने ठेचा मागितला नाही. ४२० रुपयांत दोन जण पोटभर जेवतात. चार वेळांपैकी एकदा मटण चिवट होतं, ते मी त्यांना तोंडावर सांगितलं.

दुसरं मुसख्खन. ही मूळ जॉर्डन नदीच्या पश्चिमेकडच्या, म्हणजे वेस्ट बँकेतल्या पॅलेस्टिनी शेतकऱ्यांची डिश, ऑलिव्हची तोडणी झाली की नव्या तेलात करायची. भट्टीतली जाड रोटी, तिच्यावर ढीगभर मऊ शिजवलेला कांदा, सुमाक नावाची लाल आंबट पूड आणि वर भाजलेलं चिकन. कांदा चाचा फार सुंदर करतात, तास-दीड तास मंद आचेवर, कुठेही करपलेला नाही. पण रोटीला भट्टी नाही, उलट्या तव्यावर भाजतात आणि ती मधे कच्ची राहते. आणि मागच्या महिन्यात सुमाक संपलं म्हणून आमसुलाची पूड घातली होती, तो प्रयोग फसला, सगळं काळपट आणि नको तितकं आंबट. त्यापेक्षा त्या दिवशी बनवलंच नसतं तर बरं झालं असतं. तर जाण्याआधी फोन करून सुमाक आहे का विचारा.

आता हे दोन पदार्थ आणि ते दोन मफलर यांचा संबंध, जो मला दुसऱ्या खेपेला कळला आणि तेव्हापासून मी या हॉटेलात नुसता जेवायला जात नाही.

आकाशी मफलर अल-फैसलीचा. १९३२ साली स्थापन झालेला अम्मानचा क्लब, लोक त्याला अल-झईम म्हणतात, म्हणजे म्होरक्या. लीग ३५ वेळा जिंकलीय, जॉर्डनमध्ये कुणी जवळपासही नाही. मुळात जॉर्डन नदीच्या पूर्वेकडची जी टोळ्यांची, बेदुईन म्हणजे वाळवंटातल्या भटक्या घराण्यांची माणसं, सैन्यात आणि सरकारी नोकरीत असलेली, त्यांचा हा क्लब, बरीच वर्षं कारभारही अदवान या मोठ्या टोळीच्या लोकांकडे होता. मनसफ हे याच लोकांचं जेवण.

हिरवा मफलर अल-वेहदातचा. १९४८ला घरंदारं सोडून आलेल्या पॅलेस्टिनी लोकांसाठी १९५५मध्ये अम्मानच्या कडेला निर्वासित छावणी उभी राहिली, वेहदात म्हणजे युनिट्स, एकसारख्या छोट्या खोल्यांच्या रांगा, तेच नाव पडलं. पुढच्या वर्षी, १९५६ला, छावणीतल्या पोरांसाठी क्लब निघाला. जर्सीत हिरवा, लाल, पांढरा, काळा, पॅलेस्टिनी झेंड्याचेच रंग. ज्या लोकांना स्वतःचा देश नव्हता, संघ नव्हता, झेंडा उघड फडकवायची सोय नव्हती त्यांनी हा क्लब छातीशी धरला. १९७०ला जॉर्डनचं सैन्य आणि पॅलेस्टिनी लढवय्ये यांच्यात जे युद्ध झालं त्यात या छावणीवर तोफा डागल्या गेल्या, आणि त्यानंतर दहाच वर्षांत, १९८०ला, याच छावणीचा क्लब पहिल्यांदा लीग जिंकला. सत्तरच्या दशकात फैसलीचं राज्य होतं हे लक्षात घेतलं की त्या १९८०चं वजन कळतं. चाचा तेव्हा तिकडे नव्हते, पण म्हणाले की छावणीतल्या दुकानात त्या टीमचा फोटो त्यांनी २००५नंतरही लावलेला पाहिलाय.

आणि मुसख्खन हे यांचं जेवण. म्हणजे चाचांच्या मेन्यूकार्डावर जी दोन नावं एकाखाली एक आहेत त्यांच्यामध्ये एवढी सगळी गोष्ट आहे.

या दोघांची मॅच म्हणजे नुसती डर्बी, म्हणजे एकाच शहरातल्या दोन क्लबांची चुरस, नाही. ऐंशीच्या दशकात दंगे झाले तेव्हा सरकारने वेहदातचा कारभार हातात घेऊन क्लबचं नावच बदललं, अल-दिफ्फतैन ठेवलं, म्हणजे दोन काठ, नदीचा पूर्व आणि पश्चिम. १९८८ला जॉर्डनच्या राजा हुसेनने वेस्ट बँकेशी कारभाराचं नातं तोडलं, त्यानंतर जुनं नाव परत आलं. प्रेक्षकांच्या घोषणा तर सरळ राजकारणाच्या, वेहदातवाल्यांची ठरलेली घोषणा आहे ‘अल्लाह, वेहदात, अल-कुद्स अरबिया’, म्हणजे जेरुसलेम अरबांचंच. २००९च्या जुलैमध्ये झर्का शहरात या दोघांची मॅच चालू असताना फैसलीच्या प्रेक्षकांनी राणी रानियाबद्दल घाणेरड्या घोषणा दिल्या, का तर तिचं माहेर पॅलेस्टिनी, आणि वेहदातचे खेळाडू मैदान सोडून गेले, मॅच तिथेच थांबली. स्वतःच्या राजाच्या बायकोवर भर मैदानात! १० डिसेंबर २०१०ला वेहदातने १-० ने जिंकल्यावर अम्मानच्या किंग अब्दुल्ला स्टेडियममध्ये गोंधळ झाला, कुंपण कोसळलं, अडीचशेच्या आसपास लोक जखमी झाले. चाचा त्या संध्याकाळी तिथून जवळच होते, वेहदातच्या बाजारात भाजी घ्यायला गेलेले, म्हणाले अँब्युलन्सचे आवाज इतका वेळ चालू होते की दुकानदारांनी मधेच शटर ओढली.

मी त्यांना सरळ विचारलं, तुमची टीम कुठली? म्हणाले वेहदात. भाजी, मसाले, थंडीचे जुने कोट सगळं त्या बाजारातून, तिथले दुकानदार उधारी द्यायचे, नाव विचारायच्या आधी चहा द्यायचे. पण मेसचा मॅनेजर कट्टर फैसलीवाला, त्यानेच यांना मनसफ शिकवलं, निघताना तो आकाशी मफलर त्यानेच गळ्यात घातला. म्हणून दोन्ही लावलेत. मला हे ऐकून फार बरं वाटलं आणि मी खरंच सांगतो, मनसफ त्यांचं मुसख्खनपेक्षा दोन पायऱ्या वर आहे, टीम कुठलीही असो.

फैसलीला कमी लेखू नका हेही सांगतो, कारण मी स्वतः हिरव्या बाजूचा आहे आणि ते सांगणं मला भाग आहे. एएफसी कप, म्हणजे आशियातल्या क्लबांची दुसऱ्या क्रमांकाची स्पर्धा, त्यांनी २००५ आणि २००६ अशी लागोपाठ जिंकली, आधी लेबनॉनच्या नेजमेहला हरवून, मग बहरीनच्या मुहर्रकला. २००७लाही फायनलला गेले आणि तिथे जॉर्डनच्याच शबाब अल-ओर्दोनकडून हरले. २०१७च्या अरब क्लब चॅम्पियनशिपमध्ये इजिप्तच्या अल अहलीला नमवून फायनल गाठली, ती ट्युनिशियाच्या एस्पेरान्सने ज्यादा वेळेत ३-२ने नेली आणि शेवटी त्यांचे खेळाडू रेफ्रीच्या अंगावर धावून गेले, ते मात्र लाजिरवाणं होतं. आणि हल्ली या दोघांच्या भांडणात तिसराच पुढे गेलाय, २०२१ला रमथा चॅम्पियन, २०२४ला इर्बिदचा अल-हुसेन पहिल्यांदा चॅम्पियन आणि २०२५ला परत तोच.

आपला धागा पण आहे बरं. वेहदात हा एएफसी चॅम्पियन्स लीगच्या, म्हणजे आशियातल्या क्लबांच्या सगळ्यात मोठ्या स्पर्धेच्या, ग्रुप स्टेजला पोचलेला जॉर्डनचा पहिला क्लब, साल २०२१. त्याच साली तिथे पोचलेला भारताचा पहिला क्लब म्हणजे आपला एफसी गोवा. माझा भाचा म्हणाला गोवा वेहदातशीच खेळला होता ना, ०-० झाली होती. नाही, तो अल-वाहदा, अबू धाबीचा. नावं सारखी म्हणून बऱ्याच जणांची गल्लत होते. आणि नोव्हेंबर २०१८ची भारत-जॉर्डन मॅच आठवते का, अम्मानची, जिच्यात त्यांच्या गोलकीपरने स्वतःच्या बॉक्समधून मारलेला बॉल टप्पा खाऊन आपल्या गोलकीपर गुरप्रीतच्या डोक्यावरून आत गेला? तो आमेर शफी, बरीच वर्षं वेहदातचा गोलकीपर. आपण २-१ने हरलो होतो. मी हे काढल्यावर चाचा इतके हसले, म्हणाले त्या दिवशी मेसमध्ये मी एकटा हिंदुस्थानचा होतो आणि सगळ्यांनी मला मिठाई भरवली.

५ जून २०२५च्या रात्री मी तिथे नव्हतो याची मला अजून चुटपुट आहे. बकरी ईद दोन दिवसांवर, बाहेर पाऊस, मस्कतला जॉर्डनची ओमानविरुद्ध मॅच, अली ओलवानने तीनच्या तीन गोल मारले आणि नंतर दक्षिण कोरियाने इराकला हरवल्यावर जॉर्डन पहिल्यांदा वर्ल्ड कपला गेला. चाचांनी हॉटेल उघडं ठेवलं, लाइट गेली तेव्हा टीव्ही इन्व्हर्टरवर, आणि बंदरावरच्या पाच-सहा खलाशांना फुकट चहा. मॅच संपल्यावर मॅनेजरचा व्हिडिओ कॉल आला, आकाशी टोपी घातलेला म्हातारा, आणि दोघं बोलायचं सोडून रडत होते असं त्यांच्या मुलाने मला सांगितलं.

आता कामाचं. मनसफ हवं असेल तर गुरुवारी दुपारपर्यंत फोन करा, आयत्या वेळी मिळत नाही कारण जमीद रात्रभर भिजावं लागतं. सर्व्हिस हळू आहे, चाचा, त्यांचा मुलगा आणि एक हाताखालचा पोरगा एवढेच, शुक्रवारी अर्धा-पाऊण तास धरून चाला. पंखा आकाशी मफलरच्या बाजूला आहे, टीव्ही हिरव्या बाजूने नीट दिसतो. यूपीआय चालतं पण रेंज जाते, सुट्टे ठेवा. पार्किंग रस्त्यावरच, सीझनला त्रास होतो. वॉशबेसिन सुधारायला हवं, मी सांगितलंय.

आणि एक पदार्थ मुद्दाम शेवटी ठेवला, सयादिया, अकाबा बंदराकडच्या लोकांचा मासळी-भात. कांदा गडद होईपर्यंत तळून त्याच्या पाण्यात भात शिजवतात आणि वर तळलेला मासा. चाचा तो लिलावातल्या ताज्या हलव्याचा करतात, आणि बंदर शंभर पावलांवर असल्यावर त्याची चव कशी असेल ते सांगायला नको. ३०० रुपये. बोर्डवर नाही, मागावा लागतो. आईला मटण चालत नाही म्हणून पुढच्या शुक्रवारसाठी मी दोन प्लेट सांगून ठेवल्यात.