कॅनन १५००डी कॅमेऱ्यावर ५० एमएम आणि ५५-२५० या दोन लेन्स, दोन पावसाळे वापरून झाल्यावर

२०१९ ला कॅनन १५००डी घेतला, सोबत १८-५५ ची किट लेन्स आली आणि पुढची चार वर्षं मी तेवढ्यावरच फोटो काढले. २०२३ च्या दिवाळीत जरा पैसे साठले होते आणि मी मनात पक्कं करून टाकलेलं की आता बॉडी, म्हणजे लेन्स सोडून कॅमेराच, बदलायची, कॅननचा नवा आर५० घ्यायचा. कारण एकच, देवळातले फोटो. आमचे अण्णा भजनी मंडळात पखवाज वाजवतात, एकादशीला रात्री भजन असतं, देवळात उजेड म्हणजे दोन ट्यूबलाइट आणि गाभाऱ्यातली समई, आणि माझ्या प्रत्येक फोटोत अण्णांचे हात म्हणजे नुसता धूर. वर सगळीकडं दाणे दाणे. मला वाटायचं कॅमेराच स्वस्तातला आहे, त्याच्याकडून होणार नाही.

मावसभाऊ पुण्यात लग्नाची कामं करतो, त्याला फोन केला. तो म्हणला, ताई, पैसे भरायच्या आधी तुझे खराब आलेले फोटो काढून बस आणि प्रत्येक फोटो कशानं खराब झालाय ते वहीत लिही. एक अख्खा रविवार बसले मग. फोटोच्या डिटेल्समध्ये सगळं लिहिलेलं असतं, आपण बघत नाही इतकंच. देवळातल्या जवळजवळ प्रत्येक फोटोत तेच आकडे, ५५ एमएम (झूम किती ते), एफ ५.६ (लेन्स किती उघडली ते, आकडा लहान तितकी जास्त उघडी), आयएसओ ६४०० (उजेड कमी पडला की कॅमेरा हा वाढवतो, आणि वाढला की दाणे येतात), शटर १/५० (सेकंदाचा पन्नासावा भाग, तेवढ्यात हात हलून जातो). म्हणजे बॉडी बिचारी आयएसओ ढकलून ढकलून जेवढं जमेल तेवढं करत होती आणि लेन्सचं भोकच एवढं बारीक की उजेड आत येतच नव्हता. किट लेन्स ५५ ला झूम केली की एफ ५.६ च्या पुढं उघडतच नाही. एफ २ ला उघडणारी लेन्स लावली तर आठपट उजेड. त्या आठपटीत शटर १/५० चं १/२०० होतं आणि आयएसओ पण ६४०० वरून ३२०० वर येतो. हा हिशेब वहीत मांडल्यावर मला स्वतःलाच आश्चर्य वाटलं.

दुसरी गोष्ट बघितली ती आर५० सोबत कुठली लेन्स येते ती. १८-४५, एफ ४.५ ते ६.३. म्हणजे माझ्या जुन्या किट लेन्सपेक्षाही अंधारी! सेन्सरचा, म्हणजे आत उजेड टिपणाऱ्या चिपचा, आकार तोच, एपीएस-सी म्हणतात तो, मेगापिक्सेलही २४ च्या आसपासच. नवीन सेन्सर आणि नवीन प्रोसेसर थोडं सावरून घेईल हे मान्य, पण सत्तर-पंचाहत्तर हजार घालून मी त्याच देवळात आधीपेक्षा कमी उजेड घेऊन उभी राहिले असते. हे मला कुठल्याच दुकानात कुणी सांगितलं नाही, सगळे बॉडीबद्दलच बोलत होते.

तर घेतली ५० एमएम एफ १.८ एसटीएम. दहा हजाराच्या आत पडली. पहिल्याच एकादशीला घेऊन गेले. एफ २.२ वर ठेवली, शटर १/२००, आणि अण्णांचा डावा हात पखवाजावर पडतानाचा फोटो आला, त्यात पखवाजाच्या डाव्या तोंडाला लावलेली कणीक सुद्धा दिसतेय, बोटांच्या खुणा उमटलेली. चार वर्षं हाच फोटो काढायचा प्रयत्न करत होते हो मी. घरी येऊन अण्णांना दाखवला, ते बराच वेळ बघत बसले, मग म्हणले बोट सरळ पडत नाही आता पूर्वीसारखं. त्यांना फोटोत हात वाचता आला यातच सगळं आलं माझ्यासाठी.

आता तक्रारी पण सांगते. एफ १.८ ला पूर्ण उघडून जवळून चेहरा घेतला की एक डोळा शार्प आणि दुसरा गेला असं होतं, म्हणून मी २.२ किंवा २.८ च्या खाली क्वचितच जाते. हिच्यात आयएस, म्हणजे हाताचा हलका कंप सावरून घेणारी सोय, नाही, त्यामुळं शटर १/१०० च्या खाली नेऊ नका, हात हलतोच. आणि १५००डी च्या सेन्सरवर ही ५० ची लेन्स ८० सारखी वागते, जास्त झूम केल्यासारखं कमी जागा दिसते, म्हणजे घरात हळदीकुंकवाला दहा बायकांचा ग्रुप घ्यायचा म्हणलं तर पाठीमागं भिंत लागते. घरगुती कार्यक्रमच जास्त असतील तर हिच्याऐवजी २४ एमएम एफ २.८ ची चपटी लेन्स बघा, ती इवलीशी आहे आणि खोलीत मावते सगळं.

माझ्या वहीतला दुसरा ढीग होता लांबच्या फोटोंचा. रंगपंचमीला वाईजवळच्या बावधनचं बगाड, म्हणजे नवसाच्या माणसाला उंच शिडाला बांधून काढतात ती यात्रा, तिथं गर्दीत पुढं जाता येत नाही, बगाड्या उंच शिडाला, आणि माझ्या फोटोत तो मुंगीएवढा. छाटून मोठा केला की चेहराच राहत नाही. त्यासाठी ५५-२५० एसटीएम. नवीन महाग वाटली म्हणून जुनी शोधली, आणि इथं एकदा फसता फसता वाचले. पहिल्या ठिकाणी लेन्स बाहेरून नवी कोरी दिसत होती, किंमत पण चांगली, पण भावानं सांगितलेलं तसं मोबाइलची बॅटरी एका बाजूनं मारून दुसऱ्या बाजूनं बघितलं तर आत कोळ्याच्या जाळ्यासारखं पसरलेलं, फंगस. आपल्याकडचा पाऊस, कपाटातल्या चपलांना बुरशी येते तिथं लेन्सला का नाही येणार. जुनी लेन्स बॅटरी मारून बघितल्याशिवाय कुणीही घेऊ नका, ओळखीतली असली तरी. दुसरी मिळाली ती स्वच्छ होती, अकरा हजार दिले.

ही लेन्स मला कासच्या फुलांच्या पठारावर जास्त आवडली, याचा मी आधी विचारच केला नव्हता. कासला फुलात पाय टाकायचा नाही, पायवाटेवरूनच बघायचं, आणि ते तसंच पाहिजे. किट लेन्सनं फूल खरं तर मोठं येतं पण त्यासाठी कॅमेरा फुलाच्या वीतभर अंतरावर न्यावा लागतो, मग स्वतःचीच सावली पडते आणि वाटेवरून हात पोचतच नाही. ५५-२५० पाऊण-एक मीटरवरून फोकस करते, ८५ सेंटिमीटर, आणि २५० ला त्या अंतरावर पावणेआठ सेंटिमीटर रुंदीच्या जागेनं अख्खी फ्रेम भरते. गेंदाची पांढरी बोंडं, सीतेची आसवं, मिकी माऊस, सगळं वाटेवर उकिडवं बसून काढलंय मी. मागचं सगळं मऊ होऊन जातं आणि एकच फूल उभं राहतं. आयएस आहे त्यामुळं ढगाळ हवेत पण हातानं जमतं. देवळात मात्र उपयोग नाही हिचा, २५० ला एफ ५.६ च, उजेडाचं जुनं दुखणं परत.

वहीतला तिसरा ढीग सगळ्यात छोटा पण त्याला लेन्सचं औषध नाही. हिल मॅरेथॉनला यवतेश्वर घाटात पहाटे धुक्यात पळणारी माणसं. अंगावर पळत येणाऱ्या माणसावर १५००डी चा फोकस टिकत नाही, फोकसचे नऊच पॉइंट आणि सेकंदाला तीन फोटो, तेवढ्यात माणूस वळणापलीकडं. तिथं आर१०, आर५० सारख्या बॉडीला तोड नाही, डोळा पकडून ठेवतात त्या. तसंच व्हिडिओ. १५००डी वर व्हिडिओ घेताना फोकस इतका चाचपडतो की मी तो नादच सोडला. तुमची मुलं कबड्डी-खो खो खेळत असतील आणि तेच काढायचं असेल, किंवा रील-व्हिडिओच जास्त करायचे असतील, तर माझं ऐकू नका, सरळ बॉडी घ्या. पण सोबतच्या लेन्सवर थांबू नका. आणि आज १५००डी साठी घेतलेल्या या ईएफ लेन्स उद्या वाया जात नाहीत, कॅननचा अ‍ॅडॅप्टर लावला की आर१०, आर५० वगैरे आर सिरीजवर फोकससकट चालतात.

निकॉनवाल्यांसाठी एक, कारण शाळेतल्या एका मॅडमचं असं झालं. निकॉनच्या डी३५०० कॅमेऱ्यात फोकसची मोटर नसते, त्यामुळं स्वस्त मिळते म्हणून स्वतःची मोटर नसलेली जुनी एएफ-डी ५० एमएम घेतली की फोकस हातानं फिरवत बसावं लागतं. लेन्सवर एएफ-एस किंवा एएफ-पी लिहिलेलं बघूनच घ्या. ३५ एमएम एफ १.८ जी त्या बॉडीला छान बसते.

दोन्ही लेन्स आता जूनपासून दसऱ्यापर्यंत घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात असतात, सिलिका जेलच्या पुड्या टाकून. गोळ्यांचा रंग बदलला की त्या तापवून परत वापरता येतात. रंग बदलणाऱ्याच घ्या, पांढऱ्या पुडीत ओल कधी भरली कळत नाही. आठवड्यातून एकदा बाहेर काढून थोडे फोटो काढते, कपाटात पडून राहिलेल्या लेन्सलाच बुरशी आधी धरते. आर५० चे उरलेले पैसे अजून बँकेत आहेत. वही पण चालू आहे, तिसरा ढीग पहिल्या दोघांपेक्षा मोठा झाला की बॉडी घेईन.