शॉकच्या तोंडावरची वीज मोजायची कशी: प्रोटॉन की उपग्रह?

बेळगावात टिळकवाडीच्या दुसऱ्या रेल्वे गेटवर फाटक उघडलं की स्कूटरवाले सुसाट, ट्रक मागून. प्लाझ्मात, म्हणजे इलेक्ट्रॉन आणि आयन सुटे झालेल्या वायूत, शॉक (दाबाची वेगवान लाट, विजेचा झटका नव्हे) आला की तसंच होतं: हलके इलेक्ट्रॉन पुढे पळतात, जड आयन मागे राहतात आणि मधे आपोआप विद्युतक्षेत्र तयार होतं. फक्त इथे ट्रक स्कूटरला मागे ओढतो!

खानापूरच्या भाचीला संशोधनाला हाच विषय हवाय. "मामा, कुठली पद्धत धरू?"

पहिली पद्धत प्रोटॉनची. अमेरिकेत रॉचेस्टरला ओमेगा लेसर आहे. ड्युटेरियम (जड हायड्रोजन) आणि हेलियम-3 भरलेली बारीक गोळी त्यानं दाबली की 3 आणि 14.7 एमईव्हीचे (दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट, कणाची ऊर्जा) प्रोटॉन सुटतात. ते शॉकमधून जाताना वळतात आणि सीआर-39वर उमटतात. चष्म्याच्या काचा करतात तेच हे प्लास्टिक. खरी गंमत दोन ऊर्जांत आहे. वळण विद्युतक्षेत्रामुळे असेल तर 3 एमईव्हीचा प्रोटॉन 4.9 पट जास्त वळतो, चुंबकीय क्षेत्रामुळे असेल तर 2.2 पटच. चोर लगेच सापडतो. पण चित्रात वाटेतल्या सगळ्या क्षेत्राची बेरीज येते, त्यामुळे शॉकचा आकार गृहीत धरावा लागतो. शिवाय एका शॉटमध्ये लक्ष्य खलास.

दुसरी पद्धत नासाच्या एमएमएसची. 2015 पासून फिरणारे हे चार उपग्रह पृथ्वीच्या धनुशॉकमधून, म्हणजे सूर्याकडून येणारा सौरवारा पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रावर आदळून समोर उभा राहतो त्या शॉकमधून, पुन्हा पुन्हा जातात. प्रत्येक उपग्रह स्वतःभोवती फिरतो. त्या फिरणीच्या प्रतलात पसरलेल्या तारांच्या समोरासमोरच्या दोन टोकांत 120 मीटर अंतर, त्यांतला व्होल्टेजचा फरक म्हणजे क्षेत्र. सरळ वाटतं, पण वाहत्या चुंबकीय प्लाझ्मात नुसत्या गतीमुळेही क्षेत्र दिसतं, ते आधी वजा करायचं. मग वेळेवरून अंतर काढायला शॉकचा वेग लागतो. तो चुकला की विभवांतर (शॉकच्या दोन बाजूंतला व्होल्टेजचा फरक) तेवढंच चुकलं. 400 किमी/सेकंदाच्या सौरवाऱ्यातल्या प्रोटॉनची ऊर्जा जेमतेम 800 ईव्ही (इलेक्ट्रॉन-व्होल्ट), तिथे शंभर व्होल्टची चूक परवडत नाही. (आपल्या आदित्य-एल1 वर चुंबकत्वमापक आहे, विद्युतक्षेत्राचा नाही.)

मापन म्हणून मला प्रोटॉन जास्त पटतो. तरी भाचीला सांगितलं, एमएमएस घे. त्याची माहिती फुकट उतरवता येते, खानापुरात बसून. ओमेगावर शॉट मिळणं तिच्या हातात नाही. एकच स्वच्छ शॉक निवड, चारही उपग्रहांच्या वेळांवरून वेग काढ, आणि विभवांतराचा आकडा मला नंतर दाखव. आधी त्या वेगातली चूक किती ते सांग.