कुलपावर आणखी एक कुलूप: क्रिप्टोच्या चावीला जादा एन्क्रिप्शन लागतं का?

मुलुंडच्या माझ्या मावसभावाने एक्स्चेंजवरचं बिटकॉइन काढून हार्डवेअर वॉलेटवर घेतलं, म्हणजे चावी इंटरनेटपासून दूर ठेवणाऱ्या छोट्या यंत्रावर. आता टेलिग्राम ग्रुपवरचा कुणीतरी एक ॲप त्याच्या गळ्यात मारतोय. वर्षाला काही हजार रुपये भरा, ‘मिलिटरी-ग्रेड एन्क्रिप्शन’ मिळेल, व्यवहारही सुरक्षित आणि मालकीही सुरक्षित. घेऊ का, म्हणून त्याने विचारलं. मी नको म्हणालो. पण नुसतं नको म्हणून भागत नाही, कारण त्या जाहिरातीत दोन निराळ्या गोष्टी एकाच पातेल्यात कालवल्या आहेत.

आधी व्यवहाराचं बघू, ते लवकर आटपतं. बिटकॉइनची साखळी, म्हणजे सगळ्या व्यवहारांची जाहीर वही, मुळात एन्क्रिप्टेड, म्हणजे सांकेतिक रूपात झाकलेली, नाहीच. कोणत्या पत्त्यावरून कुठे किती गेलं हे कुणालाही वाचता येतं, आणि वाचता यायलाच हवं. हजारो नोड, म्हणजे या जाळ्यातले संगणक, तेच वाचून व्यवहार खरा की खोटा ते ठरवतात. पैसे राखते ती सही. खासगी चावी, म्हणजे फक्त मालकाकडे असणारा गुप्त आकडा, नसेल तर ती सही करता येत नाही, आणि सही झाल्यावर कुणी रक्कम किंवा पत्ता बदलला तर सही जुळत नाही. चेक जाड पाकिटात घातला म्हणून त्यावरच्या सहीला जास्त वजन येतं का?

व्यवहारावर जादा एन्क्रिप्शन नसतंच असं नाही. बिटकॉइन कोअर या नोड चालवायच्या सॉफ्टवेअरच्या २७.० आवृत्तीपासून, म्हणजे एप्रिल २०२४ पासून, दोन नोडमधलं बोलणं आपोआप एन्क्रिप्ट होतं, अर्थात समोरच्या नोडला ते येत असेल तर. झेडकॅश या दुसऱ्या क्रिप्टो चलनामध्ये पाठवणारा, घेणारा आणि रक्कम तिन्ही झाकता येतात. पण दोन्हींत मिळते ती गुप्तता. चावी चोराच्या हाती पडली तर झाकलेले पैसेही तितक्याच सहज जातात. (गुप्ततेमुळे कर चुकतो असं ज्याला वाटतं त्याने एक ध्यानात ठेवावं: एक्स्चेंजवर पॅन दिलेलाच असतो आणि जुलै २०२२ पासून विक्रीवर १ टक्का टीडीएस कापला जातो.)

खरा प्रश्न चावी ठेवायची कशी, हा आहे. मावसभावाकडे चोवीस शब्द आहेत, २,०४८ शब्दांच्या ठरलेल्या यादीतले. चावी त्यांच्यावरूनच बनते, म्हणून शब्द ज्याच्या हाती त्याचे पैसे. ते शब्द अंदाजाने शोधणं या विश्वात कुणाला जमणारं नाही. संकटं तीन: ते चोरीला जातात, हरवतात किंवा आपणच फसून ते कुणाला तरी सांगतो, नाहीतर भलत्याच व्यवहारावर सही करून बसतो. जादा एन्क्रिप्शन पहिल्या संकटात उपयोगी पडतं, दुसरं वाढवतं आणि तिसऱ्यात कुचकामी ठरतं. हे पटलं तर पुढची तुलना सोपी आहे.

पहिला पर्याय म्हणजे शब्द साधे कागदावर लिहून कपाटात ठेवणं. याला हसू नका. हॅकरला कागद दिसत नाही. पण मुंबईत कागदाचे शत्रू वेगळे आहेत. दमट हवा आहे, वाळवी आहे, २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता, आणि सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे सोसायटीचं रिडेव्हलपमेंट. दोन-तीन वर्षं भाड्याच्या घरात खोकी भरून राहिलेल्या माणसाला विचारा, लग्नाचा अल्बम कुठे आहे ते. म्हणून कागदाऐवजी अक्षरं ठोकलेली स्टीलची पट्टी बरी. बँकेचा लॉकरही चालेल, फक्त एक माहीत असू द्या: रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे आग, चोरी किंवा कर्मचाऱ्याच्या फसवणुकीत बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभर पटीपर्यंतच असते, आत काय होतं याच्याशी तिला देणंघेणं नसतं.

एक घरगुती शहाणपण मात्र मोडीत काढतो: ‘बावीस शब्द इथे लिहितो, दोन डोक्यात ठेवतो.’ दोन शब्दांच्या शक्यता सुमारे ४२ लाख होतात. शेवटच्या शब्दात बाकीचे शब्द बरोबर आहेत का ते पडताळणारा तपासअंक दडलेला असतो, तो लावला की त्यातल्या साधारण १६ हजारच उरतात. साध्या लॅपटॉपला तेवढं काम किरकोळ आहे.

दुसरा पर्याय, शब्दांचा फोटो किंवा फाइल एन्क्रिप्ट करून क्लाउडवर ठेवणं. ते विकाऊ ॲपही साधारण हेच करणार. असली ॲप वापरतात ती एईएस-२५६ ही एन्क्रिप्शनची पद्धत कुणी फोडलेली नाही, म्हणून जाहिरात खोटी नाही. पण फाइल एन्क्रिप्ट होण्याआधी ते शब्द फोनवर टाइप करावे लागतात आणि परत बघताना उघडावे लागतात. हार्डवेअर वॉलेट घेतलं ते शब्द इंटरनेटच्या यंत्रावर कधीच येऊ नयेत म्हणून, आणि इथे आपण स्वतःच ते आणून ठेवतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये कॅस्परस्की या सायबरसुरक्षा कंपनीने स्पार्ककॅट नावाचं मालवेअर उघड केलं. ते गॅलरीतल्या फोटोंमधली अक्षरं वाचून हेच शब्द शोधायचं, आणि ते गूगल प्ले आणि ॲपल या दोन्हींच्या अधिकृत दुकानांतल्या ॲपमध्ये सापडलं. पैसे देऊन आपलं कुंपण आपणच तोडायचं, असा हा प्रकार आहे. माझ्या मते सगळ्यांत वाईट पर्याय.

तिसरा, पासफ्रेज, म्हणजे चोवीस शब्दांना जोडायचा आपला स्वतःचा पासवर्ड. याला ‘पंचविसावा शब्द’ म्हणतात, पण तो यादीतला नसतो, तुम्ही ठरवाल तो असतो. हे जादा एन्क्रिप्शन खरोखर काहीतरी देतं. जानेवारी २०२० मध्ये क्रॅकेन या एक्स्चेंजच्या सुरक्षा प्रयोगशाळेने दाखवलं की ट्रेझर कंपनीचं हार्डवेअर वॉलेट हातात आलं तर पंधरा मिनिटांत आतले शब्द काढता येतात. पासफ्रेज लावलेल्यांचे पैसे मात्र त्यातही वाचतात, कारण पासफ्रेज यंत्रात साठवलेला नसतो. कपाटातली पट्टी कुणाला सापडली तरी तेच.

पण तो दुबळा ठेवला तर नुसता दिखावा होतो. शब्दांवरून चावी बनवताना गणिताच्या फक्त २,०४८ फेऱ्या होतात, आजच्या यंत्रांपुढे त्या काहीच नाहीत. मुलीचं नाव आणि जन्मसाल असा पासफ्रेज फार काळ तगणार नाही. एकमेकांशी संबंध नसलेले पाच-सहा शब्द हवेत. आणि ते रोमन अक्षरांत ठेवा. मराठीचा मोह मलाही झाला होता. पण ‘दऱ्या’ हा शब्दच घ्या. त्यातला अर्धा र दोन कीबोर्डवर दोन प्रकारे उमटतो. डोळ्यांना तोच शब्द, यंत्राला वेगळा. शिवाय काही वॉलेट देवनागरी घेतच नाहीत.

याहून अवघड गोष्ट ही की इथे ‘पासवर्ड चुकला’ असं कुणी सांगत नाही. कोणताही पासफ्रेज टाका, एक वॉलेट उघडतं. चुकीचा असेल तर रिकामं उघडतं, एवढंच. विसरलात तर हेल्पलाइन नाही. श्टेफान थॉमस या प्रोग्रामरची गोष्ट जानेवारी २०२१ मध्ये जगभर छापून आली. ७,००२ बिटकॉइनच्या चाव्या आयर्नकी नावाच्या एन्क्रिप्टेड ड्राइव्हमध्ये आहेत, पासवर्ड आठवत नाही, दहापैकी आठ प्रयत्न तेव्हाच संपले होते. चोर नाही, हॅकर नाही, एन्क्रिप्शनने आपलं काम चोख बजावलं आणि मालकच दाराबाहेर राहिला.

चौथा पर्याय मल्टिसिग, म्हणजे तीनपैकी दोन चाव्यांच्या सह्या. एक घरी, एक लॉकरमध्ये, एक पुण्याच्या भावाकडे. एक हरवली तरी चालतं, एक चोरीला गेली तरी चालतं. पासफ्रेजला दोन्ही एकदम जमत नाही. पण परत उभं करताना दोन चाव्यांबरोबर तिसरीची सार्वजनिक चावीही, म्हणजे खासगी चावीचा उघड करता येणारा जोडीदार आकडा, लागते, आणि हे बरेच जण लिहून ठेवत नाहीत. घरच्यांना समजावणं तर त्याहून कठीण. मोठी रक्कम असेल आणि घरात तांत्रिक डोकं असलेलं आणखी कुणी असेल तरच या वाटेला जावं.

आणि हे सगळं करूनही तिसरं संकट उरतंच. १८ जुलै २०२४ ला वझीरएक्स या भारतीय एक्स्चेंजचे सुमारे २३ कोटी डॉलर गेले. तिथे मल्टिसिग होतं, हार्डवेअर वॉलेट होती. कंपनीच्या सांगण्याप्रमाणे पडद्यावर दिसलं एक आणि सही झाली दुसऱ्यावरच. फेब्रुवारी २०२५ मध्ये बायबिट या एक्स्चेंजचे दीडशे कोटी डॉलर तशाच वाटेने गेले. सही मालकानेच केली असेल तर मधल्या एन्क्रिप्शनने काय अडवावं? त्यावर उपाय एकच, तोही कंटाळवाणा: पाठवण्याआधी पत्ता फोनच्या नव्हे, हार्डवेअर वॉलेटच्या छोट्या पडद्यावर अक्षर-अक्षर वाचणं.

मग घ्यायचं काय? तुमच्या घरात येणाऱ्या-जाणाऱ्यांचा राबता असेल, पट्टी कुणाच्या हाती लागण्याची धास्ती असेल, तर पासफ्रेज घ्या. तो वेगळ्या जागी लिहून ठेवा आणि तो कुठे आहे हे घरातल्या एकाला तरी माहीत असू द्या. स्वतःच्या वॉलेटला नॉमिनी नसतो. उलट एटीएमचा पिनही डायरीत बघावा लागत असेल, तर पासफ्रेजच्या फंदात पडू नका, दोन स्टीलच्या पट्ट्या दोन जागी ठेवा. रक्कम महिन्याच्या पगाराएवढी असेल तर एवढा खटाटोपही मला जास्त वाटतो.

मावसभावाने ॲप घेतलं नाही, पासफ्रेज घेतला. सगळी रक्कम हलवण्याआधी थोडी पाठवून, यंत्र पूर्ण पुसून, पट्टीवरून परत उभं करून बघ, असं मी सांगितलं होतं. रविवारी रात्री त्याचा फोन आला, शिल्लक शून्य दिसतेय. पाऊण तास आम्ही फोनवर होतो. पहिल्या वेळी त्याने पासफ्रेजच्या शेवटच्या शब्दानंतर एक स्पेस दिली होती.