शुगर फ्री डब्याच्या स्टिकरखाली

सोयाबीन निघालं, कापसाची पहिली वेचणी विकून झाली, की खेड्यात नगदी पैसा येतो आणि विकणाऱ्यांना त्याचा बरोबर वास लागतो. आमच्या दारव्हा-दिग्रस पट्ट्यात यंदा ‘मोफत शुगर तपासणी’ची एक गाडी फिरली. तपासणी मोफतच होती, पण तिच्याआडून एक डबा विकला जात होता: साखरेऐवजी चहात घालायची ‘शुद्ध स्टीव्हिया’ पावडर. स्टीव्हिया म्हणजे गोड पानांचं एक झाड. तो डबा माझ्या सासऱ्यांना, म्हणजे मामाजींना, विकला गेला. आमच्या गल्लीतल्या आणखी काही घरांतही आहे. त्यात काय निघालं ते सविस्तर लिहिते, कारण ती गाडी आता दुसऱ्या गावांना लागली असणार.

मामाजींना शुगर जुनी. यवतमाळच्या डॉक्टरांनी गोळ्यांसोबत आहार बदलायला लावला. भात जवळपास बंद, दोन भाकरींची एक, आणि पोट भरायला भाजी, घट्ट वरण, अंडी, ताक. शहरात ज्याला लो-कार्ब म्हणतात तेच. आयुष्यभर वावरात राबलेल्या माणसाला ताटातली भाकरी कमी करणं फार जड जातं, पण त्यांनी ते नेटानं केलं. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी ९.१ वरून ७.६ वर आली. अडत होतं ते फक्त चहापाशी. कोणाच्याही ओसरीत बसलं की कप पुढे येतो, आणि बिनसाखरेचा चहा त्यांच्या घशाखाली उतरत नव्हता. विकणाऱ्यांनी नेमकी हीच नस धरली.

ऑटोवर भोंगा लावून आदल्या दिवशी पुकारा झाला: सकाळी उपाशीपोटी समाजमंदिरात या. तिथे पांढरा कोट घातलेला एक माणूस बसला होता. सगळे त्याला डॉक्टरसाहेब म्हणत होते, पण तो कुठला, त्याचा नोंदणी क्रमांक काय, हे कोणी विचारलं नाही आणि त्यानं सांगितलंही नाही. सोबत गावाच्या ओळखीचा एक पोरगा होता, त्यामुळे लोकांचा विश्वास बसला. बोटाला टोचून शुगर पाहिली. मग त्यांच्या पावडरीचं गोड सरबत ग्लासभर पाजलं, दहा मिनिटं गप्पांत घालवली आणि परत टोचलं. आकडा जवळपास तोच. “पाहा काकाजी, गोड प्याले तरी वाढली का? आता चहा पोटभर प्या.”

हा सगळा खेळ त्या दहा मिनिटांचा आहे. साधी साखर घोळून पाजली असती तरी इतक्या लवकर आकडा फारसा हलला नसता. गोड पोटातून रक्तात उतरायला वेळ लागतो आणि शुगर सगळ्यात वर जाते ती साधारण तासाभराच्या आसपास, काहींची त्याहून उशिरा. वर या मशीनमध्ये १५ टक्क्यांपर्यंतचा फरक चालवून घेतला जातो. म्हणजे १५० चे १६० झाले तरी “मशीन थोडं इकडंतिकडं होते” म्हणून निभावून नेता येतं. कोणी समोर बसवून दहा मिनिटांत पुरावा दाखवत असेल, तर सांगा की मी तासाभरानं परत येतो, तेव्हा टोच.

टोचायची सुई प्रत्येकाला नवी होती का, हे आमच्या गल्लीत एकालाही खात्रीनं सांगता आलं नाही. डब्याच्या पैशापेक्षा मला याची धास्ती जास्त वाटली. एकच सुई अनेकांना वापरली तर हिपॅटायटिस बी सारखा रोग पसरतो. सुई आपल्या डोळ्यांसमोर पाकिटातून निघाली पाहिजे, नाहीतर बोट पुढे करू नका.

एक डबा ८५० रुपयांना, तीन डब्यांचा ‘कोर्स’ २४०० ला. मामाजींनी कोर्स घेतला. पावती मागितली तर एक रंगीत कार्ड हातात दिलं, त्यावरचा नंबर आता लागत नाही.

पुढे काय झालं असेल ते ओळखीचंच आहे. चहा परत सुरू झाला, कपाला दोन चमचे, दिवसाकाठी पाच-सहा कप. जेवण होतं तेवढंच. आणि घरच्या मशीनवर सकाळचे आकडे चढू लागले. मामाजी वैतागून म्हणाले, “डब्यावर तं शुगर फ्री लिवलं हाये, मंग मशीन काऊन वाढून दाखवते? का मशीनच बिघडली?”

मशीन बिघडली की डबा, हे घरीच पाहायचं ठरवलं. डॉक्टरांना फोनवर विचारलं, ते हो म्हणाले. सकाळी उपाशीपोटी १४२ होती. त्या पावडरीचे तीन चमचे पाण्यात घोळून दिले आणि मध्ये दुसरं काहीच दिलं नाही. तासाभरानं १९१. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी नुसता कोरा चहा दिला, काही न घालता: आधी १३९, तासाभरानं १४३. ही काही प्रयोगशाळेची तपासणी नव्हे, पण मामाजींची मशीनबद्दलची शंका तिथेच फिटली.

मग डबा उलटा करून नीट पाहिला. मागे पांढरं स्टिकर होतं, त्यावर ठळक मराठीत ‘घटक : शुद्ध स्टीव्हिया पाने’. स्टिकरची एक कड किंचित उचललेली होती आणि खाली बारीक छापील अक्षरं दिसत होती. चहाच्या गंजाच्या वाफेवर डबा धरला, डिंक सैल झाला तसं नखानं हळूहळू सोललं. खाली इंग्रजीत मूळ यादी निघाली. पहिलं नाव माल्टोडेक्स्ट्रीन, दुसरं सुक्रालोज, म्हणजे एक कृत्रिम गोडवा. संपली यादी. स्टीव्हियाचं नावही नाही. त्याखालच्या तक्त्यात १०० ग्रॅममागे शर्करा जवळजवळ शून्य, आणि कार्बोहायड्रेट, म्हणजे कर्बोदकं, ९६ ग्रॅम.

इथे थांबून नीट समजून घ्यायला हवं, कारण फसवणुकीचं मूळ इथेच आहे. माल्टोडेक्स्ट्रीन म्हणजे मक्याच्या किंवा साबुदाण्याच्या कंदाच्या स्टार्चपासून केलेली पांढरी भुकटी. तिचे रेणू साखरेपेक्षा लांब असतात, म्हणून लेबलावर ती ‘शर्करा’च्या ओळीत मोजली जात नाही, ‘कार्बोहायड्रेट’च्या ओळीत जाते. पण पोटात गेली की ती झपाट्यानं तुटून ग्लुकोजच होते, आणि रक्तातली शुगर साध्या साखरेइतकी किंवा तिच्याहूनही वेगानं चढवते. कायद्यानं ‘शुगर फ्री’ लिहायला १०० ग्रॅममध्ये शर्करा अर्ध्या ग्रॅमपेक्षा जास्त नसावी एवढंच लागतं. म्हणजे डब्याच्या दर्शनी बाजूचे हे दोन शब्द अक्षरशः खरे असू शकतात आणि तरीही डबा शुगरच्या माणसासाठी घातक असू शकतो. म्हणून शर्करेच्या ओळीवर समाधान मानू नका. एकूण कार्बोहायड्रेटची ओळ वाचा.

आता मामाजींच्या चहाचा हिशोब करा. चमच्यात तीन ग्रॅमच धरली तरी दिवसाला दहा-बारा चमचे, म्हणजे ३० ते ३६ ग्रॅम कर्बोदकं. ज्वारीच्या एका मध्यम भाकरीत साधारण तेवढीच असतात. ताटातून जिवावर उदार होऊन काढलेली भाकरी चहाच्या कपातून रोज परत पोटात जात होती, आणि तीही ८५० रुपयांच्या डब्यातून.

डबा न उघडता ओळखायची एक खूण सांगते. स्टीव्हियाचा अर्क साखरेच्या २०० ते ३०० पट गोड असतो, सुक्रालोज सुमारे ६०० पट. म्हणजे चमचाभर साखरेची गोडी आणायला स्टीव्हिया चिमटीतही धरता येणार नाही इतकी थोडी लागते. विकणारा जर म्हणत असेल की साखरेसारखीच चमच्यानं घाला, तर त्याला विचारा: उरलेला चमचा कशानं भरला आहे? उत्तर एरिथ्रिटॉल असेल तर ठीक. ते लेबलावर कार्बोहायड्रेटमध्ये दिसतं, पण बहुतेक लघवीवाटे निघून जातं आणि शुगर जवळपास वाढवत नाही. जिभेवर थोडं गार लागतं. उत्तर माल्टोडेक्स्ट्रीन किंवा डेक्स्ट्रोज असेल तर डबा परत ठेवा. डेक्स्ट्रोज म्हणजे सरळ ग्लुकोज. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमानं छापावी लागते, त्यामुळे पहिलं नाव जे असेल तेच डब्यात सगळ्यात जास्त असतं.

त्याच गाडीवर संत्र्याच्या सरबताच्या बाटल्याही होत्या, ‘साखर न घातलेले’ म्हणून. वरूड-मोर्शीच्या संत्र्यांचं नाव घेतलं की आपल्या माणसाचा हात आपसूक खिशात जातो. साखर घातली नसेलही, पण संत्र्याच्या रसात मुळातच १०० मिलीला आठ-दहा ग्रॅम साखर असते. पाव लिटर प्यालं की चार-पाच चमचे झाले. ‘साखर घातली नाही’ आणि ‘साखर नाही’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

गुळाच्या चहाबद्दलही लिहिते, कारण हल्ली रस्त्यारस्त्यावर त्याचे फलक लागलेत आणि शुगरवाले तो औषध समजून पितात. गुळात दहातले आठ-नऊ भाग साखरच असते. लोह-बिह थोडं असेल, पण कपातल्या गुळानं शुगर चढायची ती चढतेच. मध तसाच. उसाचा रस तर बोलायलाच नको. लो-कार्ब पाळणाऱ्यानं या तिघांना साखरेच्याच रांगेत बसवावं.

मग प्यायचं काय? उन्हाळ्यात आमच्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो, नुसतं पाणी पिऊन भागत नाही. पातळ ताक, मीठ-जिरं घालून, याला तोड नाही. लिंबूपाणी मिठाचं, साखरेशिवाय. अंबाडीच्या लाल बोंडांचं आंबट पाणी, तेही बिनगोड. कैरीचं पन्हं गुळाशिवाय, मीठ-जिरं-पुदिन्यावर केलं तर मामाजी आवडीनं पितात. नारळपाणी सगळे बिनधास्त देतात, पण एका शहाळ्यात दोन चमच्यांच्या आसपास साखर असते, तेव्हा रोजचं नको. दुधाच्या चहातही दुधाची साखर असतेच, १०० मिली दुधात पाचेक ग्रॅम, म्हणून दूध थोडं ठेवतो. चहातली साखर सोडवायला आम्ही आलं आणि गवती चहा वाढवला. पहिले काही दिवस मामाजींचं तोंड वाकडं होतं, मग जीभ सरावली. गोडी सोडता येत असेल तर कोणत्याही पुडीपेक्षा तेच बरं, असं मला मनापासून वाटतं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ मध्ये वजन आटोक्यात ठेवण्यासाठी असे कृत्रिम किंवा स्टीव्हियासारखे गोडवे वापरू नयेत असा सल्ला दिला आहे. तो ज्यांना आधीच मधुमेह आहे त्यांच्यासाठी नव्हता, म्हणून आपलं काय ते आपल्या डॉक्टरांना विचारा.

त्या गाडीवाल्यांचं सगळ्यात भयंकर वाक्य अजून लिहायचंय. “तीन डबे झाले की गोळ्या सुटतात.” मामाजींनी गोळ्या सोडल्या नाहीत. शेजारच्या काकूंनी सोडल्या. त्यांची शुगर साडेतीनशेच्या वर गेली, सारखी तहान, सारखी लघवी, आणि शेवटी भरती करावं लागलं. मधुमेह बरा करतो अशी जाहिरात करणं हा १९५४ च्या औषधे व जादूचे उपाय कायद्यानं गुन्हा आहे. आणि उलट बाजूही ध्यानात ठेवा: भाकरी-भात एकदम कमी केला आणि इन्सुलिन किंवा काही गोळ्या तेवढ्याच राहिल्या, तर शुगर घसरू शकते. घाम फुटतो, हात थरथरतात. अशा वेळी स्टीव्हिया-सुक्रालोज काहीच कामाचं नाही. तीन चमचे खरी साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून द्या आणि १५ मिनिटांनी परत तपासा. घरात खरी साखर यासाठी असूच द्या.

आम्ही काय केलं ते सांगते. डब्यावरचा अन्नसुरक्षेचा परवाना क्रमांक मोजला तर तेरा अंकी निघाला. खरा चौदा अंकी असतो, आणि तो सरकारच्या ‘फूड सेफ्टी कनेक्ट’ ॲपवर टाकून कोणाच्या नावावर आहे ते पाहता येतं. न उघडलेला एक डबा आणि सोललेलं स्टिकर जपून ठेवून जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी तक्रार दिली. २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्यातल्या कलम ४० नुसार ग्राहकाला स्वतः फी भरून अन्न विश्लेषकाकडून तपासणी करून घेता येते, आणि माल नियमाबाहेरचा निघाला तर फी परत मिळते. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वरही नोंद केली.

तुमच्या घरी असा डबा असेल तर रागाच्या भरात उकिरड्यावर फेकू नका. सील तोडलं नसेल तर तसंच राहू द्या, पुढून-मागून फोटो काढा, कार्ड, गाडीचा नंबर, पैसे फोनवरून दिले असतील तर त्याची नोंद जपा. पावती नसेल तर ज्यांच्यासमोर पैसे दिले त्यांची नावं लिहून ठेवा. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही. आमच्या गल्लीतली घरं मिळून एकच अर्ज तयार करत आहोत. तुमच्या गावातही भोंगा वाजून गेला असेल तर तुम्हीही एकत्रच जा.