वडिलांच्या ताटात भरीत की शेवभाजी? (आणि ग्लासात काय?)
वडिलांसाठी घरी खास जेवण आणि सोबत नाशिकची वाईन, तर माझा कौल भरिताला. 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालेली जळगावची वांगी कपाशीच्या काड्यांवर सालं काळी पडेस्तोवर भाजायची. मग ठेचलेली हिरवी मिरची-लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे. त्या धुरकट चवीला 8-10 अंशांवर थंड केलेली, किंचित गोडसर शेनिन ब्लां ही पांढरी वाईन फार शोभते. गोडव्याने मिरचीची आग निवते. सोबत कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या पिठाच्या) पुऱ्या हव्यातच!

शेवभाजीच्या काळ्या मसाल्याशी शिराझ या रेड वाईनचं जमतं खरं, पण तर्री झणझणीत असली की रेडचा तुरटपणा आणि अल्कोहोल तिखट आणखी पेटवतात. शिराझच हवी असेल तर तर्री बेताची ठेवा, शेव वाढतानाच टाका, नाहीतर लगदा होतो.